माझी बॉडी, माझी पॉलिसी

२ जानेवारी
लकडगंजच्या वाचनालयात अठरा तारखेले वादविवाद. विषय: आरोग्य विमा सरकारनं द्यावा काय? मी विरोधात. बाजूनं शेजारचा चंपतराव. बिचारा! गांधीबागेत सारी जिंदगी कापड विकलं मी, गिऱ्हाईकाले बोलू देल्लं नाही. हा कोण? संकल्प: रोज फिरणं. तर्री-पोहे बंद.

५ जानेवारी
थंडी. फिरणं उद्यापासून. जांघेतला गोळा जरा फुगला. गॅस असन. कामिनी म्हणे, डॉक्टरले दाखवा, नाही तर विमा तरी काढा. बायकोले समजावलं, तब्येतीच्या माणसानं विमा काढणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर घेणं. तर म्हणे, मंग तुमच्या दुकानात उन्हाळ्यात स्वेटरचा सेल काहून लागते? विषय बदलला.

९ जानेवारी
कामिनीनं वॉर्डातल्या कॅम्पात नेलं. अंगठा, फोटो. म्हणे, राशनची केवायसी. केवढी लाईन! सरकारी काम असंच. भाषणात टाकतो.

१८ जानेवारी, सकाळी
भाषण पाठ. पहिली ओळ तरी. शेवट जबरदस्त: स्टेजवर लठ्ठ्याच्या कापडाचा गठ्ठा उचलायचा अन् गरजायचं, सरकार कायले पाहिजे? माझी बॉडी, माझी पॉलिसी! तालीम नाही केली. वाघाले कोण तालीम देते? पोहे खाल्ले. आवाजाले ताकद लागते.

१९ जानेवारी, दवाखाना
गठ्ठा उचलला. 'माझी बॉ' इथपर्यंतच गेलो. मंग आई गं! टाळ्या मात्र पडल्या, लोकायले ॲक्टिंग वाटली. चंपतरावानंच ऑटो आणला, धरून बसवलं. हर्निया अडकला म्हणे, लगेच ऑपरेशन. लय भेव लागलं. कामिनी रडून राहिली होती.

रडता रडता तिनं काउंटरवर कार्ड काढलं. सरकारी विमा! वर माझाच फोटो, कॅम्पातला. राशन म्हणे! चांगला झापणार होतो, पण तेवढ्यात भूल देल्ली.

२१ जानेवारी
निकाल लागला. पहिला चंपतराव. परीक्षक म्हणे, विरोधी वक्त्यानं त्याचा मुद्दा प्रात्यक्षिकासह पटवला. सरासर पार्शालिटी! टॅक्स मी भरतो, म्हणजे कार्ड माझ्याच पैशाचं. तत्त्वाले धक्का नाही. चंपतराव संत्री घेऊन आला, त्याले हेच ठणकावणार होतो, तर डॉक्टर आले. म्हणे, काका, दुसऱ्या बाजूनंही हर्निया आहे, तोही करावा लागन.

मी विचारलं, कार्डात बसते ना?

चंपतरावानं सोललेलं संत्रं हातात देल्लं. म्हणे, मंग काय गा, सरकारनं द्यावा का नाही?

तोंडात फोडी होत्या. नाही तर सांगतलं असतं.