उलट्या बाजूने काढलेला गोल

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी मजेत आहे. दुपारचं जेवण कधीकधी राहतं, पण ते सोड. भाऊजींचा खोकला थांबला का?

आमचं ॲप महिन्यापूर्वी सुरू झालं. फोनच्या पडद्यावर बोटाने खूण काढली, की ठरवलेल्या माणसाला फोन लागतो. तक्रारी सगळ्या माझ्याकडे येतात.

गेल्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. "मुलीसाठी गोल ठेवलाय, पण दर वेळी प्लंबरच उचलतो. आता तो माझी तब्येतही विचारतो," म्हणाल्या. आमचे साहेब म्हणाले, "नीट काढत नसतील."

मला तू आठवलीस. शाळेत तू डाव्या हाताने शून्य उलट्या बाजूने काढायचीस आणि बाई हातावर पट्टी मारायच्या. मी फोनवरच्या बाईंना विचारलं, "तुम्ही डावखुऱ्या का?" त्या ओशाळल्यासारखं "हो" म्हणाल्या.

चूक आमचीच होती. उलटा काढलेला गोल आमच्या ॲपला दुसरीच, त्यांनी प्लंबरसाठी ठेवलेली खूण वाटायची. दोन दिवस खपून ते दुरुस्त केलं.

काल त्या बाईंनी कळवलं, "लागला. मुलगी म्हणाली, आई, इतके दिवस रुसली होतीस का?"

साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती शाबासकी तुझी आहे, ताई. तू नसतीस, तर मीही त्या बाईंनाच दोष दिला असता.

तुझी छोटी डाव्या हातात पेन्सिल धरते, असं तू काळजीने लिहिलं होतंस. धरू दे तिला.

तुझा,
धाकटा