खिडकीतली एनिड

१४ मार्च १९५५, सोमवार

क्रॅडॉकसाहेबांना लंडन रिकामं हवंय. माणूस नको, कुत्रं नको, कबुतरसुद्धा नको! आकाशातून धूळ पडते आणि शहरातला जीव न् जीव नाहीसा होतो, अशी गोष्ट आहे. "विल्फ, लक्षात ठेव, एकही जिवंत वस्तू दिसता कामा नये." हे दिग्दर्शकमहाशय तिसऱ्यांदा सांगत होते. मी काय बहिरा आहे?

रस्त्याची खालची बाजू स्टुडिओच्या मागे उभारलीय — दारं, पायऱ्या, एक उलटलेली दूधगाडी. वरचे मजले, धुराडी, आभाळ मी मोठ्या काचेवर रंगवायचं. कॅमेरा काचेतून बघतो आणि दोन्ही एक होतात. चित्रपट काळा-पांढरा, त्यामुळे माझंही काम काळ्या-पांढऱ्यावर आणि मधल्या राखाडीच्या नऊ बाटल्यांवर भागतं. तसा राखाडी होऊन घरी गेलो की माझी एनिड म्हणायची, "आलास चुलीत डोकं घालून?"

तिला जाऊन आज आठ आठवडे झाले.

१७ मार्च

जिल आजही आईचं नाव काढत नाही. शाळा, जेवण, भांडी, झोप. तेरा वर्षांची पोर, घरात पाहुण्यासारखी वावरते.

हॉस्पिटलात मुलांना आत सोडत नसत. दर रविवारी मी तिला खाली हिरवळीवर उभी करायचो. एनिड तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत यायची — अंगावर तो हिरवा कोट — आणि हात हलवायची. शेवटच्या रविवारी मी जिलला नेलंच नाही. एक काच पुरी करायची होती. कुठल्या चित्रपटाची, तेही आता आठवत नाही. "पुढच्या रविवारी जाऊ," म्हणालो. सोमवारी एनिड गेली.

पुरायच्या दिवशी तिची बहीण म्युरिएल म्हणाली, "मुलांचं तिथं काय काम?" जिलला शेजाऱ्यांकडे ठेवलं. मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

२ एप्रिल

केलं एकदाचं. डावीकडून चौथं घर, तिसरा मजला, उजवीकडची खिडकी. तांदळाच्या दाण्याएवढी एनिड. कोट, आणि एक हात वर. क्रॅडॉक काचेसमोर दहा मिनिटं उभे होते. "छान. अगदी मेलेलं शहर," म्हणाले. चष्मा टेबलावर विसरले होते!

३ एप्रिल

जिल बटाटे सोलत होती. तिला सांगितलं — तुझी आई चित्रपटात आहे. खिडकीत. सुरी थांबली.

"खरंच आईसारखी आहे?"

आई. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तो शब्द!

"बघशील तेव्हा ओळखशील," म्हणालो. सप्टेंबरात आपल्या गावात लागेल म्हटल्यावर तिने कॅलेंडरवर खूण केली.

६ एप्रिल

चित्रीकरण उरकलं, काच घासून टाकली. अशीच पद्धत आहे, आता तिच्यावर दुसऱ्या चित्रपटातला समुद्र येईल. एनिडपाशी आल्यावर नवं फडकं घेतलं.

९ जून

एक्स प्रमाणपत्र! सोळा वर्षांखालच्यांना बंदी. निर्माते फेल्प्स आनंदाने टेबलावर चढून नाचायचेच बाकी होते. "अरे, एक्स म्हणजे रांगा लागतील!" पोस्टरवर एक्स नावापेक्षा मोठा. पोस्टर मात्र झकास रंगीत.

जिल म्हणाली, "हरकत नाही. तीन वर्षांनी बघेन." आणि जिन्याने वर निघून गेली. आधी हॉस्पिटल, मग कबरस्तान, आता थिएटर. प्रत्येक दारावर माझ्याच पोरीला अडवायचं ठरवलंय का सगळ्यांनी?

२६ ऑगस्ट

काल लंडनमध्ये पहिला खेळ. माझं रिकामं शहर पडद्यावर आलं, थिएटर चिडीचूप. तेवढ्यात बाल्कनीतून कुणीतरी म्हणालं, "त्या बाईंना सांगा हो, जग बुडालंय म्हणून!" हशा पिकला. माझ्या बायकोला सगळं थिएटर हसलं. मी टोपी तोंडावर धरून बसलो.

आज पेपरातही तेच. क्रॅडॉक माझ्याशी बोलले नाहीत. फेल्प्सनी हुकूम काढला — बारा सप्टेंबरपासून सगळ्या प्रतींतून तो तुकडा कापायचा. मी हातापाया पडलो. "विल्फ, लोक घाबरायला येतात. खिदळायला नाही."

काच नाही, तुकडाही राहणार नाही. आमच्या थिएटरात पाच ते दहा तारखेपर्यंत आहे. जिलकडे फक्त सहा दिवस आहेत.

७ सप्टेंबर, बुधवार

एनिडचा हिरवा कोट, तिची टोपी, तिची लिपस्टिक. लिपस्टिक मीच लावली. रंगारी ना मी, ओठांची कड नीट जमली. जिल जिन्यावरून उतरली तेव्हा मी एनिड म्हणूनच हाक मारणार होतो.

थिएटरच्या दारावर टॅपसेल, छातीवर युद्धातली पदकं लावून उभा राहणारा म्हातारा दारवान.

"हिचं वय?"

"सोळा," मी म्हणालो.

"विल्फ, हिच्या बारशाचा केक खाल्लाय मी."

मग मी सगळंच सांगितलं. खिडकी, तो रविवार, सगळं, भर रस्त्यात, लोकांदेखत. त्याचेही डोळे भरले. "माझी नोकरी जाईल रे," म्हणाला. जिलने माझी बाही ओढली. "चला, डॅडी."

वाटेत तिने ओठ रुमालाने पुसले. कोटाला डाग लागू दिला नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

बघितलं तिने! दुपारी कोट घालून एकटीच गेली. साडेपाचला परतली, नाक लाल, हात गार.

"घुसले, डॅडी. बाजूच्या दारातून."

"आणि?"

"दिसली आई. हिरवा कोट घालून खिडकीत उभी होती. हात हलवत होती मला."

मी टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, चहा केला, टोस्ट भाजले. जानेवारीपासून आज पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

१२ सप्टेंबर, सोमवार

आज तो तुकडा कापला असेल.

सकाळी तंबाखूच्या दुकानात टॅपसेल भेटला. नजर चुकवत म्हणाला, "शनिवारी पुन्हा आली होती तुझी पोरगी. बाजूच्या दारापाशीच पकडली मी. माफ कर, विल्फ. खेळ सुटेपर्यंत समोरच्या बसथांब्यावर बसून होती."

हिरवा कोट! त्या चित्रपटात हिरवं आहेच कुठे? आणि रंगवलेला हात कधी हलतो का?

आत्ताच शाळेतून आली. दप्तर खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "आता बरं वाटतंय ना, डॅडी?"

हो म्हणालो.