हिच्या शेजारचा औषधवाला

३ फेब्रुवारी, सोमवार

दोघांनी मिळून नाव घातलं म्हणून क्लासची फी सवलतीत. पण स्वस्तात पडलं कसं म्हणू? दुपारची झोप गेली, पंपांच्या वर्कशॉपला दोन तास कुलूप, आणि वर बायको दुसऱ्याच्या शेजारी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नवरा-बायको एका कॉम्प्युटरवर नकोत. शिकणं राहतं बाजूला." माझ्या वाट्याला सारखा जांभया देणारा टॅक्सीवाला. हिच्या वाट्याला कोपऱ्यावरचा औषधवाला – कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, स्वच्छ नखं. माझ्या नखांतलं ग्रीस लग्नाच्या आधीपासूनचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

डेटाबेसमधलं टेबल म्हणजे काय ते शिकलो. रकाने आखायचे, माणसं भरायची. मी आपली गिऱ्हाइकं घेतली. पहिल्याच रकान्यात लिहिलं – शिंपीणबाई, निळं फाटक, पंप सुरू होताना खोकतो. बाई म्हणाल्या, "काका, एका रकान्यात एकच गोष्ट. नाहीतर उद्या खोकणारे पंप तेवढे शोधायचे म्हटलं तर कसे सापडतील?"

मी म्हटलं, "खोकतात म्हणजे सापडतीलच की."

टॅक्सीवाला हसला. हीसुद्धा हसली – पण औषधवाल्याकडे बघून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझे कान तिखट. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सांगेन, कुठल्या घरच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. या कानांवर धंदा उभा केला, कुणापुढे हात पसरला नाही. तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज माझ्यापासून काय सुटणार!

"वहिनी, तुम्ही हे आधी कुठे शिकलात?"

"छे हो. फडताळ लावते तसंच तर आहे."

माझ्याशी फडताळाबद्दल इतक्या गोड आवाजात कधी बोलली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

शिंपीणबाईंचा पंप जितक्या वेळा दुरुस्तीला आला, तितक्या वेळा मी त्यांचा अख्खा पत्ता टाइप केला. बोटं दुखली. हिने काय केलं? गिऱ्हाइकं एका टेबलात, दुरुस्त्या दुसऱ्यात, दोन्हीकडे गिऱ्हाइकाचा नंबर टाकून दिली जोडून. पत्ता एकदाच. बाईंनी सगळ्या वर्गाला हिच्या पडद्यापाशी बोलावलं. मीही गेलो, चपला फरपटत. वर्कशॉप माझं, गिऱ्हाइकं माझी – आणि वाहवा हिची. औषधवाला तर असा मिरवत होता, जशी काही त्याचीच विद्यार्थिनी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मऊ आवाज आज मुद्द्यावर आला. "वहिनी, मग येताय ना आमच्या दुकानात? नोकरीच धरा. सगळी औषधं अशी लावून टाका."

ही म्हणाली, "उद्या सांगते."

मी भलतीच ओळ पुसली. टॅक्सीवाला म्हणाला, "काका, लक्ष कुठंय?"

ही गेली तर दुपारी डबा घेऊन येणार कोण? पालथ्या खोक्यावर बसून माझ्या ग्रीसला नावं ठेवणार कोण?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. हिला आपल्याच वर्कशॉपात बसवायचं. खोकं नको, चांगली पाठीची खुर्ची. पंख्याखाली. नवा कॉम्प्युटर. औषधवाल्याकडे असून असून काय असणार – खोकल्याच्या बाटल्या. रात्री जेवताना सांगतो. कशी खुलते बघू.

– सांगितलं. खुलली नाही. म्हणाली, "मी त्यांना आजच होकार दिला. सोमवारपासून जायचंय."

मी म्हटलं, "घरचं सोडून परक्याकडे?"

"वाढू का अजून?" म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ही गेली. दारात चपला घालताना सांगितलं – क्लासचं नाव काढण्याआधी तिने मला दोनदा विचारलं होतं, मी तुमच्या वर्कशॉपात बसू का, गिऱ्हाइकांचं सगळं मी बघते.

दोन्ही वेळा मी समोरच बसलो होतो.