प्रेमापोटी ओव्हरटाईम

२२ एप्रिल २०२४, सोमवार
ही डायरी जानेवारीत शेठनी मला स्वतःच्या हातानं दिली. बाकी कामगारांना नुसतं कॅलेंडर. यावरून काय ते समजावं. आजपासून रोज लिहिणार.

लोणच्याचा सीझन जोरात. कारखान्यात कैऱ्यांचे ट्रकवर ट्रक. बायका सकाळी आठला येतात, सुटतात रात्री साडेनऊला. जादा तासांचे पैसे नाहीत. सीझन संपला की एकेक बरणी मिळते, तीही लिंबाची.

आज भलतंच ऐकलं. बायका मिळून नगरच्या कामगार कोर्टात केस टाकणार. पुढारी कोण, तर आमची हन्ना! माझी सख्खी बायको. कैऱ्या फोडायला असते. मी स्टोअरकीपर, सगळ्या चाव्या माझ्याकडे, आणि मला हे बाहेरून कळतं.

हन्ना म्हणाली, तुम्हीही सही करा, आपली शॅरन पुढच्या वर्षी नर्सिंगला जायचं म्हणते, फी कुठून भरायची? मी म्हटलं, कोर्ट-बिर्ट कशाला? शेठ मला घरचा माणूस मानतात. उद्या स्पष्ट बोलतो. शॅरनच्या फीची जबाबदारी माझी. शब्द दिला.

२३ एप्रिल
स्पष्ट बोलायला शेठच्या बंगल्यावर गेलो. तोंड उघडणार तोच शेठ म्हणाले, बरा आलास अब्राहाम, पाण्याची मोटार बघ. बघितली. अंधार पडला तेव्हा कुठे चालू झाली. शेठ म्हणाले, तुझ्यासारखा माणूस मिळणार नाही. वातावरण इतकं छान झालेलं, त्यात पैशाचं काढणं बरं दिसलं नसतं.

११ मे
आज नक्की बोलायचं ठरवून गेलो. शेठच्या मेव्हण्याकडे राहुरीला साखरपुडा. वाढपी कमी पडलेले. शेठनी हक्कानं सांगितलं, म्हणून जिलबीचं ताट घेतलं. चार माणसांत म्हणाले, हा आमचा घरचाच. फोटोतही आहे मी. म्हणजे कोपर आहे, पण ओळखू येतं.

उरलेली जिलबी घरी आणली. हन्नानं हात लावला नाही. शॅरननं खाल्ली. पोरगी समंजस आहे.

१९ मे, रविवार
चर्चहून येताना बनुबाईनं चौकात गाठलं. ही पॅकिंगची म्हातारी, हन्नाला बहीण मानते. म्हणाली, दाजी, तुमी सई करता का न्हाई ते सांगा, उद्या शेवटचा दिस हाय, वकीलबाई थांबायच्या न्हाईत. मी समजावून सांगितलं की मी मध्यस्थ आहे, मध्यस्थानं एका बाजूनं सही करायची नसते. तर म्हणते, मध्यस्थ कुनी केलं तुमाला?

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये.

२५ जून
केस दाखल झाली. शेठनी बोलावलं. लालबुंद. म्हणाले, बायको आवर. म्हटलं, आवरतो.

घरी आलो तर हन्ना कैरीच्या चिकानं सोलवटलेल्या हातांना खोबरेल लावत बसलेली. विषय काढला नाही. तिचा मूड दिसला नाही.

३० ऑगस्ट
डायरीत खंड पडला. शेठच्या मावशींना तीन वेळा शिर्डीला न्यावं लागलं. रोज लिहिणार, हे पुन्हा ठरवलं.

११ फेब्रुवारी २०२५
शॅरनची बारावीची परीक्षा सुरू. निघताना विचारलं, पप्पा, पैशाचं बोललात का? म्हटलं, जवळजवळ बोललोय. पेपर सोडून पोरीच्या डोक्यात हे कोण भरवतं?

२६ मार्च
मोठा दिवस! शेठनी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. इतक्या लोकांतून माझं! त्यांच्या वकिलांनी दोनच वाक्यं शिकवली. सगळे पाचला घरी जातात. बाकी मला आठवत नाही.

मी विचारलं, शॅरनच्या फीचं? शेठ म्हणाले, आधी साक्ष तर होऊ दे. बघा, शब्द मिळाला.

हन्नाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. मग एवढंच म्हणाली, रविवारी बायबल धरता, त्याच हातानं खोटी शपथ घेणार ना? जेवण झालं, पण घास उतरेना. ॲसिडिटी असणार.

८ एप्रिल
उद्या साक्ष. शर्टाला इस्त्री केली. आरशासमोर सराव. दोन वाक्यं फारच कमी वाटतात. असल्या दोन वाक्यांना बजरंग वॉचमनही चालला असता. थोडी भर घालीन.

९ एप्रिल, नगरहून परत
साक्ष उत्तम झाली.

दोन्ही वाक्यं खणखणीत म्हटली. समोर बायका बसलेल्या. हन्ना माझ्याकडे बघत नव्हती, खाली हाताकडे बघत होती. मग बायकांची वकीलबाई उठली. अगदी गोड आवाजात म्हणाली, स्टोअरकीपर म्हणजे हलकंच काम असेल, पाचला तुम्हीही घरी जाऊन आराम करत असाल?

डोकंच फिरलं. हलकं काम? आराम? म्हटलं, बाई, सीझनला शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत मी जागचा हलत नाही. साडेनऊला ह्यांचा टेम्पो निघाला की शटर मी ओढतो, कुलूप मी घालतो, चाव्या बंगल्यावर मी पोचवतो. अकरा वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही. विचारा कोणालाही!

जज्जसाहेबांनी पेन उचललं. बायकांत कुजबुज. शेठचे वकील सारखे खोकत होते. नगरला धूळ फार.

वकीलबाईनं विचारलं, मग या जादा वेळेचे पैसे मिळतात का? म्हटलं, छे! त्या बायकांनाही नाहीत, मलाही नाहीत. पण मी पैशासाठी थांबतच नाही. शेठवरच्या प्रेमापोटी, स्वखुशीनं थांबतो. माझी कसलीही तक्रार नाही. हे वाक्य इतकं छान जमलं की साहेबांनी परत म्हणायला लावलं. सावकाश, टाईप करणाऱ्याला घेता येईल असं.

येताना शेठच्या गाडीत जागा झाली नाही. एकटेच होते, पण फायली असतील. बायकांच्या टेम्पोतून आलो. बनुबाईनं शेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाली, दाजी, लई मोठं काम केलंत. सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. माणूस चांगलं बोलला की असं होतंच.

१० एप्रिल
शेठनी चाव्या काढून घेतल्या. बजरंगकडे दिल्या. म्हणाले, यापुढं पाच वाजले की फाटकाबाहेर. म्हटलं, शेठ, मी फुकट थांबतो, पूर्वीसारखाच. तर म्हणाले, तुझं प्रेम मला परवडत नाही.

दमले असतील. उद्या शांतपणे बोलतो.

१२ ऑगस्ट
निकाल लागला. बायका जिंकल्या. जादा तासांचे पैसे डबल रेटनं, मागचे सगळे. निकालात माझ्या साक्षीचा उल्लेख आहे म्हणे. बनुबाई कोर्टाबाहेर रडत होती. सगळ्यांना पेढे वाटले, मीच.

मग वकीलबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, आता माझीही सही घ्या, अकरा वर्षांचं आहे. त्यांनी फाईल उघडून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. प्रेमापोटी. स्वखुशीनं. तक्रार नाही. म्हणाल्या, अहो भाऊ, नवी केस टाकता येईल, पण ते हाच कागद पुढं करतील, वर्षानुवर्षं भांडावं लागेल. पेढा हातातच राहिला. हन्ना शेजारी उभी होती.

टेम्पोत तिला सांगितलं, मी हे सगळं मुद्दाम केलं, तुमच्यासाठी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, मुद्दाम असो का नसो, खरं बोललात. मला रडू आलं. खरंच आलं. ॲसिडिटी नव्हती.

६ सप्टेंबर
शॅरनची फी भरली. हन्नानं भरली. हॉस्टेलला सोडायला दोघं गेलो. वॉर्डनबाईंनी विचारलं, फी कोणी भरली, वडिलांनी? शॅरन काही बोलायच्या आत मी हो म्हटलं. उगाच पोरीला पेच नको.

३ डिसेंबर
आवळ्याचा सीझन. सव्वापाचला घरी. हन्ना ओव्हरटाईमला, डबल रेट. कुकर मी लावला. वरण खाली लागलं, पण वरचं छान झालंय.

ती आली आणि जेवता जेवताच तिचा डोळा लागला. भाकरीचा तुकडा हातात तसाच. लई वाईट वाटलं. अकरा वर्षं ती अशीच यायची, आणि मी चाव्या देऊन मागनं आलो की उठून मला गरम भाकरी टाकायची. आजवर मला वाटायचं, घरात मीच एकटा दमतो.

हे बरोबर नाही. हन्नाला बसून करायचं काम द्या, असं शेठना सांगणार. उद्या कशाला, आत्ताच. स्पष्ट बोलणार. फोन लावला. एक रिंग जाते आणि कट होतो. परवापण तसंच, दिवाळीलाही तसंच. बंगल्यावर रेंजचा प्रॉब्लेम दिसतो. जाऊन बघून द्यायला पाहिजे एकदा.