टेपेचा पहिला सेंटिमीटर

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने ट्रकच्या चासीचा फिटर (निवृत्त), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. अक्षर लागते. कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे माणूस या घराकडे बऱ्याच वर्षांत फिरकलेलेच नाही. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने काही रद्द करायचे नाही. रद्द करण्यासारखे जे आहे ते कलम सहामध्ये येईल.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बंद केलेली गॅलरी, तसेच बँकेतली ठेव, हे सर्व माझ्या पत्नीचे. त्यावर कोणीही हरकत घेऊ नये. अकरा वर्षे गॅलरीतल्या लेथचा कीस तिच्या चपलांत, उशीच्या अभ्र्यांत आणि एकदा तर भाजीतही निघाला. ती बोलली नाही असे नव्हे. पुष्कळ बोलली. पण माझे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कलम २. शेजारच्या घरातले निवृत्त शाळामास्तर यांचा माझ्या गॅलरीवर जुना डोळा आहे. मधली भिंत पाडली की त्यांची बैठकीची खोली मोठी होते. लेथच्या आवाजाबद्दल त्यांनी सोसायटीकडे चार अर्ज केले, तेही माझ्याच पेनाने, कारण त्यांचे पेन कधीच चालत नाही. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकिलांनी मला समजावून सांगितले. म्हणून पहिला साक्षीदार मी मास्तरांनाच केले आहे. ते मोठ्या आनंदाने तयार झाले. त्यांना हे कलम माझ्या मागे वाचून दाखवावे.

कलम ३. माझ्या मुलाला त्यानेच मला दिलेला डबा परत द्यावा. त्यात प्लॅस्टिकच्या ट्रकचे तयार सुटे भाग आहेत. दोन दिवसांत जोडून होतो आणि रिमोटवर पळतो. मी काय करत बसलो आहे हे पाहून तो म्हणाला होता, "बाबा, कशाला एवढा त्रास? असलं खेळणं तयार मिळतं की." डब्याचे वेष्टणही मी फाडलेले नाही. लेथ भंगारात किती किलोने जाईल याची चौकशी त्याने मी रुग्णालयात असताना केली होती, हे मला ठाऊक आहे. त्याला दुष्ट म्हणता येणार नाही. फक्त घाई आहे.

कलम ४. लेथ, ड्रिल, कानशी आणि व्हर्नियर माझ्या जुन्या कारखान्यातल्या त्या बाईला द्यावेत जी हल्ली चासीच्या खात्यात आहे. मी तिला फक्त दोनदा भेटलो. दोन्ही वेळा माप घेण्याआधी तिने टेप पुसली. तेवढे मला पुरे आहे. माझी जुनी टेप मात्र तिला देऊ नये.

छोट्या गाड्यांची मॉडेले करणाऱ्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना झिजलेले पॉलिश पेपर द्यावेत, एक पुडके. माझ्या ट्रकला त्यांनी प्रदर्शनात तिसरा क्रमांक दिला, कारण रंगाला चकाकी नाही. अहो, तो मालाचा ट्रक आहे, नवरा मुलगा नव्हे.

कलम ५. आता ट्रक.

खऱ्या ट्रकच्या एक-चौदांश मापाचा, सबंध हाताने केलेला. मोटर, बॅटरी, रिमोटचे यंत्र आणि चाके वळवणारी छोटी मोटर एवढेच विकत आणले. बाकी सर्व गॅलरीत झाले. चासीच्या पट्ट्या पत्रा वाकवून केल्या. स्प्रिंगचे पाटे हॅकसॉच्या जुन्या पात्यांचे आहेत. पाती जाळून मऊ केली, कापली, वाकवली आणि पुन्हा पाणी देऊन कडक केली. टायरचे साचे लेथवर कातून त्यांत रबर ओतले. पहिले एकवीस टायर फेकावे लागले. गिअर एका मेलेल्या ड्रिलमशीनचे. केबिनचे दार उघडते, काच खाली होते. ड्रायव्हरच्या सीटवर निळ्यावर पांढऱ्या चौकटीची गादी आहे, नखाएवढी. खऱ्या ट्रकमधली तशी गादी माझ्या भावजयीने शिवली होती. ते कापड मिळवायला मला चार बाजार पालथे घालावे लागले.

हा ट्रक कोणाचा, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. माझ्या धाकट्या भावाचा. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्याने एक स्वतःची घेतली. लांब पाइप वाहायचे म्हणून तिची चासी वाढवून मागचा ॲक्सल मागे सरकवायचा होता. ते काम मी केले. कारखान्यात मला सगळे 'सूतभर' म्हणत, कारण सूतभराचा फरकही मला खपत नसे. दुसऱ्या कोणाकडे गाडी देण्याचा प्रश्नच नव्हता.

महिन्याभरात तो आला. म्हणाला, "दादा, गाडी डावीकडे ओढते."

मी फेरी मारून पाहिली. रिकामी होती, रस्ता खडबडीत होता, मला काही जाणवले नाही. जाणवून घ्यायचे नव्हते असेही म्हणता येईल. पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला. तिसऱ्या वेळी खात्यातली दहा माणसे उभी होती. मी सर्वांसमोर म्हणालो, "गाडी नाही ओढत, तुझे हात ओढतात. नाचता येईना, अंगण वाकडं!" माणसे हसली. तोही थोडा हसला. नंतर तो कधी आला नाही.

पाच महिन्यांनी सरळ, कोरड्या रस्त्यावर पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी एका गोदामाच्या भिंतीत शिरली. दुसऱ्या कोणाला काही झाले नाही. त्याचा डावा गुडघा गेला. चौकशी झाली. टायर एका अंगाने घासून पातळ झाला होता. तो सांगत होता की गाडी ओढते, सतत उजवीकडे धरावी लागते, म्हणून टायर घासतो. अधिकाऱ्यांनी मला बोलावले. मी लिहून दिले, "चासीत दोष नाही. चालकाने टायरकडे दुर्लक्ष केले." नोकरीच्या भीतीने नाही लिहिले, मला तसेच वाटत होते. खोटे बोललो असतो तर आज जरा बरे वाटले असते. निदान खरे काय ते तेव्हा ठाऊक तरी असते.

त्याचा परवाना कायमचा गेला. रुग्णालयाच्या जिन्यात भावजय म्हणाली, "भाऊजी, तीनदा सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला. तीनदा." मी तिला म्हणालो की मापे वहीत आहेत, हवे तर दाखवतो. त्यानंतर एकोणीस वर्षे आमचे बोलणे नाही.

ती वही माझ्याजवळ होती. निवृत्त झाल्यावर ठरवले की त्याच मापांवरून हा ट्रक करायचा, बाणासारखा सरळ पळवायचा आणि एक दिवस नेऊन त्या दोघांच्या पुढ्यात ठेवायचा. अकरा वर्षे मी हे प्रेमाने केले असे मंडळातल्या लोकांना वाटते. मी ते रागाने केले. रागाने काम फार बारीक होते.

कलम ६. गेल्या मार्चमध्ये ट्रक पुरा झाला. इमारतीच्या लांब व्हरांड्यात सोडला. निम्म्यात जाऊन तो डाव्या भिंतीला धडकला.

चाके वळवणारी मोटर बदलली. बेअरिंग बदलली. टायर डावे-उजवे करून पाहिले. तीन महिने गेले. रिमोटवर एक बारीक चकती असते. ती फिरवली की अशी ओढ झाकता येते. पत्नी म्हणाली, "मग फिरवा की." मी तिच्यावर ओरडलो.

शेवटी चासीचे कोनाकोनी माप घेतले. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. दोन्ही सारखी आली पाहिजेत. आली नाहीत. मग वही काढली.

आमच्या खात्यात टेपांची टोके झिजलेली असत, म्हणून शून्यावर कोणी माप धरत नसे. टेप एक सेंटिमीटरवर धरायची आणि खूण करताना तो एक मिळवायचा. चारशे वीस हवे तर खूण चारशे एकवीसवर. वहीतही टेपेवरचा आकडाच लिहायचा, अशी रीत. वहीच्या उजव्या पानावर, उजव्या पट्टीसाठी, माझ्या अक्षरात चारशे एकवीस आहे. डाव्या पानावर चारशे वीस. डावीकडे मी एक मिळवायला विसरलो होतो. मागचा ॲक्सल डाव्या बाजूला एक सेंटिमीटर पुढे बसला. तो ट्रक जन्मभर डावीकडेच जाणार होता.

लहान ट्रक करताना मी सवयीने दोन्ही आकड्यांतून एकेक वजा केला आणि चौदाने भागले. उजवी पट्टी आधी केली. मग डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि डावी चार महिन्यांनी केली, म्हणून दोन आकडे शेजारी आलेच नाहीत. पट्ट्या एकत्र बांधून भोके पाडली असती तर चूक आपोआप बुजली असती, पण ते शिकाऊ माणसाचे काम, असे मी मानत आलो. माझी एक सेंटिमीटरची चूक मी चौदापट बारीक करून, कानशीने घासून, इमानदारीने परत केली.

परक्याची गाडी असती तर मी कोनाकोनी माप घेतल्याशिवाय सोडली नसती. ही भावाची होती, घरचेच काम, म्हणून घेतले नाही. अंगण खरेच वाकडे होते, आणि ते मी घातले होते.

कळल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी आहे. त्याने मान वर न करता नोंदवही पुढे सरकवली. "नाव, काम, कुणाला भेटायचं." मग मान वर केली. मी पेन घेतले. कामाच्या रकान्यात काय लिहावे सुचेना. पेन ठेवले आणि परत आलो. एवढा मोठा रस्ता मी कधी चाललो नव्हतो.

पत्नी म्हणते, "भावाशी बोलायला दहा मिनिटं लागली असती. तुम्ही अकरा वर्षं घालवलीत."

म्हणून, चौकशीत दिलेली माझी जबानी मी या कलमाने मागे घेत आहे. चासीत दोष होता. दोष माझा होता. या मजकुराचे वेगळे पत्र लिहून ठेवले आहे. ते माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी परवाना कार्यालयात द्यावे.

कलम ७. ट्रक, रिमोट, वही आणि झिजलेली टेप माझ्या धाकट्या भावाला द्यावी. रिमोटवरची चकती शून्यावर आहे. ती कोणी फिरवू नये आणि चासी कोणी दुरुस्त करू नये. त्याने तो सपाट जमिनीवर सोडावा आणि पाहावा. मला जे तोंडाने सांगता आले नाही ते ट्रक सांगेल.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी.

वरील मजकूर दुपारी पत्नीने वाचला. चष्मा काढून म्हणाली, "मेल्यावर सांगणार? म्हणजे त्याने रागवायचं कुणावर, फोटोवर? आणि तुमच्याआधी तोच गेला तर?" मी म्हणालो की दुसरा साक्षीदार मिळाला की कागद पुरा होईल, आता मध्ये काही काढू नकोस. ती म्हणाली, "दुसरा साक्षीदार मी आणते." मला वाटले मास्तरांच्या पत्नीला आणेल. तिने फोन केला तो धाकट्याला.

तो पाच वाजता आला. तीन मजले एका गुडघ्यावर चढला. बसला नाही, पाणी घेतले नाही. मी वही उघडून दोन्ही पाने त्याच्यापुढे धरली. तोंडाने मी फक्त एवढेच म्हणू शकलो, "डावीकडे एक मिळवायचा राहिला." त्याने दोन्ही आकड्यांवर एकेकदा बोट ठेवले. मग लेथशेजारच्या लहान ट्रककडे मान वळवून म्हणाला, "चालते का ती?"

व्हरांड्यात ट्रक सोडला. निम्म्यात तो डाव्या भिंतीला लागला. भावाने परत आणून सोडला, परत लागला. तिसऱ्या वेळी त्याने रिमोटची काडी अंगठ्याने किंचित उजवीकडे धरली आणि ट्रक व्हरांड्याच्या टोकापर्यंत रेषेत नेला. अंगठा हलला नाही. पाच महिने त्याने ती गाडी तशीच धरून चालवली होती, आणि मी दहा माणसांसमोर त्याच्या हातांना नावे ठेवली होती.

"एकोणीस वर्षं मला वाटत होतं," तो म्हणाला, "की माझेच हात गेले असतील."

मला रडू आले. त्याला आले नाही.

मग मी कागद पुढे केला. साक्षीदाराला यातून काही मिळत नाही, तू सही केलीस तर ट्रक तुला कागदाने देता येणार नाही, हेही सांगितले. तो म्हणाला, "मग हातानं दे. आणि ते कार्यालयाचं पत्र उद्या सकाळी तुझ्या पायांनी नेऊन दे. मी फाटकावरून सुट्टी घेतो, बरोबर येतो." पेन उघडून त्याने विचारले, "दादा, मी माफ केलं असं यात कुठं लिहिलंयस का? असेल तर आधी खोड, मग सही करतो."

तसे कुठे लिहिलेले नाही. त्याने नीट पाहून घेतले.

सबब कलम ७ रद्द. ट्रक त्याने काखेत मारला आहे, रिमोट, वही आणि टेपही घेतली आहे. कलम ६ मधले पत्र मी उद्या स्वतः देणार आहे. बाकी कलमे कायम.

स्थळ: बंद गॅलरी, लेथच्या शेजारी.
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२३.

मृत्युपत्र करणार: (सही) चासी फिटर, निवृत्त.

वरील सही आम्हां दोघांसमोर झाली आहे.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारी. व्यवसाय: शाळामास्तर, निवृत्त. पेन त्यांनी माझेच वापरले. परत मिळालेले नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. व्यवसाय: ट्रकचालक. हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो कोणी दुरुस्त करू नये.