कळप : म्हाळू हरिबा गडदे, माळवस्ती

मुलींचे वसतिगृह, विद्यापीठ परिसर,
छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. भागवतदादास,
धाकट्या शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा मुक्काम आता सुंदररावकाकांच्या रानात पडला असेल असं धरून युसूफ वडगावच्या त्यांच्या पत्त्यावर लिहिते. आबांना फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या फोनला रानात रेंज नसते, तेव्हा पत्रच बरं. वाचून दाखवताना मागच्यासारखे मधले शब्द गाळू नकोस. आईला कळतं.

बातमी अशी की माझ्या प्रबंधाला आमच्या पर्यावरणशास्त्र विभागात पहिलं बक्षीस मिळालं. विभागाच्या फलकावर ‘यशस्वी विद्यार्थी’ या मथळ्याखाली माझा फोटो लागला आहे. त्यात मी घाबरल्यासारखी दिसते. पंचवीस तारखेला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्यात सत्कार होईल. याच विभागातून शिकून गेलेल्या मनिषा मॅडम पाहुण्या म्हणून येणार आहेत. पुण्यात त्यांची पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. मेळाव्याच्या स्मरणिकेत माझ्या कामाचा गोषवारा छापणार आहेत.

त्यात एक गोष्ट मी हट्टानं केली. माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं होतं की कळपांना नुसते क्रमांक द्यावेत, कळप एक, कळप दोन. मी ऐकलं नाही. वस्तीजवळच्या खदानीत सुग्रीवशेठ आपल्या वीटभट्टीची राख टाकायला लागले, ते पाणी मेंढ्या प्यायल्या आणि दोन वर्षांच्या चार दाती मेंढीचं तोंड म्हातारीसारखं झिजलेलं दिसायला लागलं, हे आधी कोणी पाहिलं? आबांनी. मी त्यावर नंतर फ्लोराइड मोजलं, एवढंच. बेचाळीस मेंढ्यांची तोंडं त्यांनी स्वतःच्या हातांनी उघडून दिली. म्हणून तक्त्यात मी सरळ लिहिलं : कळप, म्हाळू हरिबा गडदे, माळवस्ती. बाकीचे सहा कळप क्रमांकानंच आहेत. रेशनकार्ड सोडलं तर आबांचं नाव छापलेलं आपण कुठं पाहिलंय?

आबांना घेऊन ये. आईला नमस्कार, वहिनीला आणि तुझ्या लेकीला, अंजूला आठवण.

तुझ्या मायेची सवय झालेली,
शिवकन्या

*

युसूफ वडगाव
१७ जानेवारी

चि. शिवकन्या हिस,
भागवतचे अनेक आशीर्वाद. सगळे खुशाल.

पत्र पोचलं. एक शब्द गाळला न्हाई. गोषवारा म्हंजे काय ते मला सांगता येईना, तवा थोडक्यात लिहिलेलं असतंय असं आबाला म्हणलो. आबा म्हणले, मग थोडक्यातच म्हणा की, गोषवारा कावून.

आईनं आख्ख्या शिवारात सांगून ठिवलंय. सुंदररावकाका म्हणले, वीस वर्सं झाली म्हाळूच्या मेंढ्या माझ्या रानात बसत्यात, लेंडीखत तेवढं मला दिलं आन् अक्कल घरी नेली व्हय. आबा लई हसले. तूर निघालीय, रान मोकळं हाय, वाघर लावून झालीय. वाघरीच्या जाळीत मेंढ्या गप बसल्या की काकू भाकरी घेऊन येत्यात, दर वर्सासारखं.

आबा मेळाव्याला येणार. फेटा धुऊन दगडावर वाळत घातलाय. संशोधक बाईंचा घाबरलेला फोटो बघूनच येतो म्हणत्यात. मला मेंढ्यायमागं थांबावं लागंल.

तब्येतीला जप, आन् एवढी मोठी झालीस तरी आमाला इसरू नको.
भागवत

*

छत्रपती संभाजीनगर
२८ जानेवारी

ती. दादास,
नमस्कार. आबा सुखरूप पोचले असतील.

ते तुला काही सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले आणि म्हणाले की मला बोलता येत नाही, मेंढी असती तर दाखवलं असतं. मग शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांकडे वळून म्हणाले की साहेबांनी तोंड उघडलं तर वय सांगतो. सगळं सभागृह हसलं, साहेब सगळ्यांत जास्त. नंतर एका वार्ताहरानं आबांना बराच वेळ प्रश्न विचारले आणि फलकाखाली उभं करून फोटो काढला. बातमी बीडच्या पानावर आली. कात्रण सोबत ठेवते.

मनिषा मॅडमनी मला जूनपासून प्रयोगशाळेत यायला सांगितलं आहे. पण त्यांची एक गोष्ट मला लागली. स्मरणिकेतला तक्ता वाचून त्या हळूच म्हणाल्या की वडिलांचं नाव घालायला नको होतं. मला वाटलं, मेंढपाळाचं नाव शास्त्राच्या पानावर यांना बघवत नाही. मी फणकाऱ्यानं म्हणाले की नाव त्यांनी कमावलंय. त्यांनी स्मरणिका मिटून ठेवली.

हस्तिदंती नसली तरी सागवानी ढाल मिळाली आहे, ती आईसाठी आणेन. राग-लोभ दोन्ही कळवत जा.
शिवकन्या

*

माळवस्ती
१६ फेब्रुवारी

चि. शिवकन्या,
आशीर्वाद. वरचा पत्ता बघून तुला कळलंच असंल. आमी वस्तीवर परत आलो.

तुझं कात्रण पोस्टानं यायच्या आधी मोबाइलवर फिरलं. राखेच्या पाण्यानं म्हाळू गडदेच्या मेंढ्या बिघडल्या, असं वर मोठ्या अक्षरात. सुंदररावकाका सकाळी बांधावर आले. आत आले न्हाईत. म्हणले, म्हाळू, राग मानू नगस, पण लेंड्यातून इख माझ्या रानात उतरलं तर? मेंढ्या बसवल्याचं गावाला कळलं तर माझी जवारी कोण घेईल? आबांनी वाघर सोडली. काकू घरातून भाईर आल्याच न्हाईत.

त्याच्यापुढं चार गावं हिंडलो. नाव सांगितलं की लोक हात जोडत्यात. सहा कळप त्याच खदानीवर पाणी पित्यात, पण त्येंचं नाव छापलेलं न्हाई, त्येंच्या मेंढ्या आज बी रानात बसत्यात. परवा बाजारात तेच लोक म्हणाले, आमच्या कळपाला काय बी न्हाई, ते म्हाळूच्या कळपाचं हाय. आपल्याच भावकीतले.

सुग्रीवशेठ काल येऊन गेला. गोड बोलला. म्हणला, पोरगी लहान हाय, चुकलं असंल मोजताना. तसं एका कागदावर लिहून द्या म्हणावं, मी सवता सुंदररावाकडं जातो, उद्यापासून मेंढ्या बसतील.

तुला कावून सुचलं ते नाव घालायचं? बाकी काय लिहू.
भागवत

*

छत्रपती संभाजीनगर
२२ फेब्रुवारी

ती. आबा आणि ती. दादा यांस,
शिवकन्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

माझं चुकलं. दादा, हे वाक्य दोनदा वाच. मॅडम बरोबर होत्या, मी गर्वात होते.

लेंड्यांचे नमुने माझ्याजवळ होते, ते मी रात्रंदिवस बसून तपासले. त्यांच्यापासून पिकाला धोका नाही. सरांच्या सहीचा कागद सोबत आहे, तो सुंदररावकाकांना दाखवा.

आता सुग्रीवशेठच्या कागदाचं. सर म्हणाले, मी मोजमाप चुकलं असं लिहून दिलं तर बक्षीस परत जाईल, फोटो उतरेल. ते गेलं तर जाऊ दे, मला त्याचं काही नाही. पण त्याच तक्त्यात शेवटची ओळ खदानीजवळच्या आपल्या हातपंपाची आहे. त्यात फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट निघालं. माझ्या अहवालावर सरांनी तहसीलला पत्र दिलं आहे, पंप बंद करून दुसरं पाणी द्यावं म्हणून. मेंढ्यांचं खोटं ठरलं की पंपाचंही खोटं ठरेल.

दादा, हे मी दिवाळीतच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. अंजूच्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत.

आबा, कळप तुमचा आहे. तुम्ही सांगाल तो कागद मी लिहीन. मनापासून लिहीन, नंतर बोल लावणार नाही.

रागावलात तरी लेक समजा.
शिवकन्या

*

माळवस्ती
१२ मार्च

चि. शिवकन्या,
आशीर्वाद.

तुझा कागद घेऊन सुंदररावकाकाकडं गेलतो. त्येंनी तो चष्मा लावून वाचला. म्हणले, पोरीनं आधी इख हाय म्हणून लिहिलं, आता न्हाई म्हणून लिहिती, मी कोणतं खरं धरू. कागद घडी करून माझ्या हातात परत ठिवला.

तुझं पत्र वाचलं तवा आबा ओट्यावर होते. मी अंजूची ओळ गाळायच्या बेतात होतो. आई म्हणली, सगळं वाच. आबांनी अंजूला हाक मारली, गुडघ्यात धरलं, अंगठ्यानं व्हट वर केला आन् मेंढीचं बघत्यात तसं तिचं तोंड बघितलं. लई येळ बघितलं. अंजू हसत व्हती, तिला वाटलं आबा वय सांगत्याल. मग तिला सोडून आबा मला म्हणले, लिही तिला, कागद द्यायचा न्हाई.

गेल्या सोमवारी कळप इकला. सगळा. खाटकाला गेला, पाळायला कोण घेतंय. यापारी तोंड बघायच्या आधी आबांनीच एकेकीचं तोंड उघडून दाखवलं. मी म्हणलो, त्यो इचारत न्हाई तर कावून दाखवता. म्हणले, मेळाव्यात दाखवलं असतं म्हणालो व्हतो, इथं कशाला लपवू. शेवटची मेंढी गाडीत चढली तरी हात तसाच पुढं धरून हुबे व्हते.

आता आबा पहाटं उठत्यात, वाघरीच्या खुट्या मोजत्यात आन् परत झोपत्यात. तू आणणार हाईस ती ढाल कुठं ठिवायची म्हणून आई इचारती.

मी येत्या सोमवारपासून सुग्रीवशेठच्या भट्टीवर जातोय. राख उतरवायला. दुसरं कोण कामाला लावंना. तू बरोबर असशील, शिवकन्या. तू बरोबर हाईस म्हणूनच मला तुला लिहायला नको वाटतंय. आता काही दिस पत्र येणार न्हाई.
भागवत

*

छत्रपती संभाजीनगर
२० एप्रिल

ती. भागवतदादास,
शि. सा. न. वि. वि. उत्तर येणार नाही हे माहीत असून लिहिते आहे.

तहसीलची माणसं येऊन हातपंपाचा दांडा काढून घेऊन गेली, हे मला इथं कळलं. टँकर एक दिवसाआड येतो की त्याहून उशिरा? अंजूला पंपाच्या जुन्या साठवलेल्या पाण्यातलं देऊ नका, वहिनीला सांग. रेघा जाणार नाहीत, पण अजून यायचे दात तरी नीट येतील. खदानीवर नोटीस लावली म्हणतात, पण राखेच्या गाड्या पलीकडच्या ओढ्यात रिकाम्या होतात, हेही म्हणतात. तू त्या गाड्यांवर असतोस, तुला खरं माहीत असेल.

विभागात बाहेरून तपासणीला समिती येणार आहे. त्यासाठी बक्षीस मिळालेल्या प्रत्येकाकडून एक तक्ता भरून घेतात. नाव, विषय, पुरस्कार, आणि शेवटचा रकाना : संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम. मी लिहिलं की दूषित हातपंप बंद झाला. त्याच्याखाली लिहिलं की एका मेंढपाळ कुटुंबाचा कळप गेला, संशोधक विद्यार्थिनीच्या चुकीमुळे. सरांनी मला बोलावून घेतलं. समितीला हे कशाला, पहिली ओळ पुरेशी आहे, असं समजावलं. मी म्हणाले की दोन्ही राहतील, नाहीतर दोन्ही काढा. शेवटी त्यांनी सही केली. मला त्यानं बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

जूनमध्ये मी पुण्याला जाते आहे. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की ही चूक त्यांच्याकडूनही एकदा झाली होती, ते कुटुंब त्यांच्याशी अजून बोलत नाही. त्यांनी धीर द्यायला सांगितलं असेल. मी मात्र घाबरले.

दादा, तुझी माफी मागत नाही, ती मागण्याइतकं हे लहान नाही. राख उतरवताना नाकातोंडाला ओलं फडकं बांध. आणि एकच विचारते, पोस्टकार्डावर एका ओळीत लिहिलंस तरी चालेल, खाली नावही घालू नकोस. भट्टीवर तुम्ही प्यायला पाणी कुठलं घेता?

तुझी,
शिवकन्या