तेल लावलेला गज

प्रिय भग्या,

जगासाठी तू पंडित भगवानराव असशील, मी भग्याच म्हणणार. तुला जाऊन वर्ष झालं, पण मला एक ओळ लिहवली नाय. आज लिहितेय, कारण काल तुझी शिष्या मृणाल तुझं व्हायोलिन घेऊन जर्मनीला वाजवायला गेली, अन् जायच्या आधी तुझं बिंग फोडून गेली. व्हय रे लबाडा?

आठवतं का, दुष्काळात पडेगावच्या रानात गवताची काडी उरायची नाय. मग आबा मेंढरं घेऊन लासूर स्टेशनच्याही पुढं जायचे, कितीतरी महिने. निघताना आई त्यांच्या काठीला करडीचं तेल लावायची. वरून खाली, एकच हात. "तेल प्यालेली काठी माणसाला घरी आणती," म्हणायची. आबा उन्हानं काळेठिक्कर होऊन यायचे, पण यायचे.

मग मेंढरं विकली. आपल्या चराईच्या रानात कॉलन्या उठल्या. आबाही गेले, आईला तेल लावायला काठीच उरली नाय. तू मात्र शाळेतल्या गाण्याच्या मास्तरांचं बोट धरून कुठल्या कुठं पोचलास, अन् तुला जर्मनीचं पहिलं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी आईनं काय करावं? व्हायोलिन वाजवायच्या गजाला, त्याच्या घोड्याच्या केसांना, चांगलं चोपडून तेल लावलं! लेक लांब निघालाय, त्याची काठी कोरडी कशी जाऊ द्यायची? तेलाची वाटी मीच धरली होती.

पुढचं काल सकाळी मृणालनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. गजाला म्हणे राळ चोळतात, केसांनी तार धरावी म्हणून. तेल लागलं की केस तारेवरून नुसते घसरतात. अन् तू तिकडं भरल्या सभेत मांडी घालून बसलास, गज फिरवलास, तर आवाजच नाय! अगं बाई! दुसरा गज कुणी आणून देईपर्यंत तू बोटांनीच तारा छेडत बसलास, अन् त्या भल्या लोकांना वाटलं, ही आपल्याकडची रीतच असंल. मी पोट धरून हसले, मग तिथंच ओट्याला टेकून रडले.

आणि फोनवर आईला काय सांगितलंस? "तुझ्या तेलानं लई गोड वाजलं." तिनं ते साऱ्या गल्लीला ऐकवलं!

पुढं फ्रान्स झालं, जपान झालं, तुझे सत्कार झाले. दर खेपेला तो वाया गेलेला गज तू तेलासाठी आईपुढं ठेवायचास, अन् वाजवायचास दुसराच. पण तो तेलकट गजही पेटीत घालून जगभर फिरवलास. मला तरी सांगायचंस ना! मी काय दवंडी पिटली असती? बरं, पिटली असती.

पण शेवटच्या खेपेला आई तापानं फणफणली होती. तेल राहून गेलं, अन् तू तिकडंच झोपेत गेलास. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. पण आई ऐकेल तर शपथ! वर्षभर एकच घोकत होती, "म्या काठीला हात लावला नाय, म्हनून लेक आला नाय." अर्धी भाकरी खाऊन ताटावरून उठायची. किती समजावायचं रे तिला?

तुझ्या देहासोबत परत आलेली ती व्हायोलिनची पेटी इथं पुंडलिकनगरच्या घरात तशीच पडून होती, कुणाच्यानं उघडवली नाय. काल दुपारी मृणालनं आईसमोर उघडली. आत तुझा चांगला गज, अन् शेजारी तो जुना, चिकट झालेला. कोपऱ्यात खोकल्याच्या औषधाची बाटली, तळाशी थोडं करडीचं तेल. आईनं जुना गज उचलला, हुंगला, केसांवरून बोट फिरवलं.

"ह्यो माझा हात नाय," ती म्हणाली. "गडीमानसाचं काम हाये. समदं तेल मधीच थापलंय."

"मग त्यानंच लावलं असंल," मी म्हटलं.

आईनं गज मांडीवर घेतला. "लावलं व्हतं म्हनजे. कोरडा नव्हता गेला माझा लेक." अन् रडली रे भग्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली.

कुठल्या परक्या खोलीत एकटा बसून लावलंस ते तेल? ज्या गजाचा तुला वाजवायला काडीचा उपयोग नव्हता, त्याला? वेड्या!

मग आईनं पदरानं तोंड पुसलं. "तूबी लांब चालली न्हवं, पोरी? कोरडी नको जाऊ. आक्के, वाटी आन." मृणालनं माझ्याकडं बघितलं. चांगला गज तिनं हळूच ओढणीखाली सरकवला, अन् मी वाटी आणायला उठले.

संध्याकाळी आईनं पुरती भाकरी खाल्ली, वर ठेचाही मागितला.

तुझं गुपित मी आईपाशी कधी फोडणार नाय, आबांच्या काठीची आण. अन् आईच्या माघारी मृणाल जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा त्या जुन्या गजाला तेल मी लावीन. वरून खाली, एकच हात. तुझ्यासारखं मधीच थापणार नाय.

तुझी भांडखोर
आक्का